नागसेनाचा रथ आणि भाच्याची गाडी

किनवटच्या रस्त्यावर हायब्रिड गाडी दिसली तर ती एक तर माहूरला रेणुकेच्या दर्शनाला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींची असते, नाही तर माझ्या भाच्याची. बाकी इथे बोलेरो, ट्रॅक्टर आणि काळी-पिवळी. भाच्याचं गोकुंद्याला कृषी केंद्र आहे. चार पैसे हातात आले तेव्हा त्याने हैदराबादहून दहा वर्षं वापरलेली, दोन मालकांच्या हातून गेलेली एक हायब्रिड सेडान आणली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नाही. तेलंगणाची एनओसी, इकडचा टॅक्स, एमएच-२६ चा नंबर, हे सगळं पार पडायला गाडीच्या सौद्यापेक्षा जास्त वेळ गेला. पण गाडी देखणी. थांबली की इंजिन गप्प होतं आणि निघताना बिनआवाजी पुढे सरकते. गावातली पोरं सुरुवातीला मागे उभी राहून कान देऊन ऐकायची.

दोन उन्हाळे काढले तिने. दुसऱ्या मे महिन्यात माहूरहून उतरताना समोरच्या काचेखाली लाल त्रिकोण पेटला. नांदेडला स्कॅनर लावला तर कोड आला ‘पी झिरो ए एटी’. हायब्रिड दुरुस्त करणाऱ्यांना तो तोंडपाठ असतो. त्याचा अर्थ हायब्रिड बॅटरीचा पॅक बदला. वर्कशॉपने नव्या पॅकचा आकडा सांगितला तो अडीच लाखांच्या पुढे. हैदराबादचा एक मेकॅनिक म्हणाला, चाळीस हजारांत खराब सेल बदलून देतो, गॅरंटी सहा महिने, तीही तोंडी. आणि गाडी आहे तशी विकायला काढली तर कुणी चार लाखांच्या वर बोलेना.

“मामा, चार लाखाच्या गाडीत अडीच लाखाची बॅटरी कोण घालतंय? तुम्हीच सांगा. लोक तर येड्यात काढायलेत मला.”

मी निवृत्त मास्तर. शिक्षण पालीचं, ते किनवटमध्ये मराठी शिकवण्यापलीकडे कधी उपयोगी पडलं नाही. तरी भाचा विचारायला आला, कारण आमच्याकडे मामाला विचारायची पद्धत आहे, मामाला त्यातलं कळो न कळो. मग वाचलं, फोन केले, मेकॅनिकच्या शेजारी बसून पाहिलं. आधी ते सांगतो. बॅटरी कळल्याशिवाय नागसेन काय म्हणाला त्याचा आजच्या माणसाला उपयोग नाही.

टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानात प्रियस विकायला काढली तेव्हापासून हायब्रिडचा मूळ बेत फारसा बदललेला नाही. पेट्रोलचं इंजिन, विजेची मोटर आणि मध्ये एक लहानशी बॅटरी. ब्रेक दाबला की वाया जाणारी गती विजेच्या रूपात तिच्यात साठते, निघताना तीच वीज परत वापरली जाते. बराच काळ या बॅटऱ्या निकेल-मेटल हायड्राइडच्या होत्या, आजही काही गाड्यांत आहेत. काहींत लिथियमच्या आल्या. २०२२ मध्ये आपल्याकडे आलेल्या हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमधली लिथियम बॅटरी पाऊण युनिट वीज मावेल एवढीच. निव्वळ विजेवरच्या गाडीत हिच्या कित्येक पट मोठी असते. म्हणूनच हायब्रिडची बॅटरी बदलणं महाग असलं तरी इलेक्ट्रिक गाडीइतकं जिवावर येत नाही. अमेरिकेत प्रियसचा नवा पॅक बसवून घ्यायला साधारण दोन ते साडेचार हजार डॉलर लागतात; जुन्या पॅकची डागडुजी त्याहून बरीच स्वस्त.

किती टिकते? भारतात टोयोटा, मारुती आणि होंडा आपल्या स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी देतात. वॉरंटी म्हणजे आयुष्य नव्हे. कंपनीला स्वतःच्या खिशाची जेवढी खात्री वाटते तेवढा तो काळ. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने २०११ मध्ये दोन लाख मैलांहून जास्त पळालेली २००२ ची एक प्रियस तपासली. मैल म्हणजे मैल. आपल्या हिशेबात सव्वातीन लाख किलोमीटर. त्याच्या दहा वर्षं आधी त्यांनी जवळपास नवी असताना तपासलेल्या तसल्याच गाडीपेक्षा तिचं अॅव्हरेज नावापुरतंच कमी भरलं, बॅटरी मूळचीच. आणि भाच्याची त्याच्या निम्म्यात बसली.

का बसली ते मेकॅनिकने उघडून दाखवलं. मागच्या सीटजवळ एक जाळी असते. बॅटरीला थंड ठेवणारा पंखा तिथून गाडीतली हवा ओढतो. ती जाळी आणि पंखा त्याने काढला तर आत बोटभर धूळ, सोयाबीनचा भुसा, कुठल्याशा बियाण्याच्या पिशवीचा फाटका कोपरा, आणि अक्षता. कुणाच्या लग्नातल्या कुणास ठाऊक. पहिल्या मालकाच्या, दुसऱ्याच्या की गाडी भाड्याने नेणाऱ्या एखाद्या नवरदेवाच्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो. त्यात पंख्याचं नाक बंद. वर भाच्याने त्या जाळीवर सदा घोंगडी टाकलेली, सीट खराब होऊ नये म्हणून.

दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रियसच्या पॅकमध्ये अठ्ठावीस मॉड्यूल असतात, प्रत्येकात सहा सेल, एकूण एकशे अडुसष्ट. भाच्याच्या गाडीत आकडे थोडे वेगळे, तऱ्हा तीच. हे सगळे एकामागोमाग जोडलेले असतात, म्हणजे सगळ्यांतून वीज सारखीच वाहते. त्यातला एक अशक्त झाला की तो सर्वांत आधी रिकामा होतो आणि सर्वांत आधी भरतो. धडधाकट सेल अजून अर्ध्या वाटेवर असताना हा एकीकडे उपाशी, एकीकडे अजीर्णाने बेजार. गाडीतला कॉम्प्युटर जोड्याजोड्यांचे व्होल्टेज तपासत असतो. फरक मर्यादेबाहेर गेला की तो लाल त्रिकोण पेटवतो. चाळीस हजारांत मेकॅनिक करणार ते एवढंच की अशक्त निवडून काढायचे आणि दुसऱ्या कुठल्या मेलेल्या गाडीतून काढलेले बरे त्यांच्या जागी बसवायचे. काही महिन्यांनी उरलेल्यांपैकी दुसरा कुणी मान टाकतो. तोंडी गॅरंटी सहा महिन्यांची का असते ते इथे कळतं.

आता नागसेन.

बाबासाहेबांनी १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केलं. त्याला मिलिंद हे नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे मिनँडर, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा, सागल नगरीचा, जे आज बहुतेक अभ्यासक सियालकोट मानतात. वादात भल्याभल्यांना गप्प करणारा. त्याला नागसेन नावाचा भिक्खू भेटला आणि राजाने वादात हार कबूल केली. विद्वत्तेचा गर्व आणि ती हार मान्य करण्याचा मोठेपणा दोन्ही ज्याच्यात होते, त्याचं नाव कॉलेजला द्यावं यात बाबासाहेबांची विद्यार्थ्यांकडून काय अपेक्षा होती ते दिसतं. मी त्या कॉलेजात पाली शिकलो आणि या दोघांच्या संवादाचं पाली पुस्तक, ‘मिलिंदपञ्ह’, तिथेच पहिल्यांदा वाचलं.

त्यातला रथाचा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. नागसेन म्हणतो, मला लोक नागसेन म्हणतात, पण ते व्यवहारापुरतं नाव आहे, आत ‘नागसेन’ अशी कुणी वेगळी व्यक्ती सापडत नाही. राजा उसळतो. मग चीवर कुणाला देतात, शील कोण पाळतो? केस म्हणजे नागसेन का, नखं म्हणजे का, दात म्हणजे का? नाही, नाही, नाही. मग नागसेन उलट विचारतो, महाराज, आपण रथातून आलात. त्याची चाकं म्हणजे रथ का? आस? जू? लगाम? सगळ्यांचा ढीग केला तर तो रथ का? राजाही नाही-नाही म्हणत शेवटी कबूल करतो की हे सगळे भाग जुळले की त्या जुळणीला व्यवहारात रथ म्हणायचं.

भाच्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे आरटीओवाल्यासारखं.” मला आधी कळलं नाही. त्याने आरसी पुस्तक काढून दाखवलं. आरटीओच्या लेखी गाडी कोण, तर चॅसीवर ठोकलेला नंबर. इंजिन बदला, नोंद करा, चालतं. बॅटरी बदला, टायर बदला, कोणी विचारत नाही. खासगी गाडी पंधरा वर्षांनी फेरनोंदणीला उभी करतात तेव्हाही साहेब वाकून आधी तोच नंबर बघतात. नागसेनाच्या पुढे राजा ज्या प्रश्नात अडकला, तो परिवहन खात्याने लोखंडावर अंक ठोकून निकाली काढला आहे. व्यवहारापुरता हा निकाल अगदी चोख आहे, आणि नागसेनही व्यवहाराच्या विरुद्ध बोलत नव्हता.

इथे एक अडचण मला कॉलेजपासून आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. नाव म्हणजे निव्वळ व्यवहार, हे मी पुस्तकात वाचलं आणि त्याच काळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला. २७ जुलै १९७८. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांचं जे झालं ते नांदेड जिल्ह्याला सांगायला नको. त्यात मारले गेलेले टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे आमच्या जिल्ह्यातले. १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी याच नावासाठी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं. इमारती त्याच, प्राध्यापक तेच, जुन्या नावातला मराठवाडाही तसाच. बदललं एवढंच की पुढे बाबासाहेबांचं नाव आलं. माणसं ज्याच्यासाठी मेली ते ‘व्यवहारापुरतं’ होतं, असं मला त्या काळात कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो. आज मी एवढं म्हणतो की व्यवहारापुरतं असणं ही काही हलकी गोष्ट नव्हे. माणसं व्यवहारातच जगतात, तिथेच त्यांना हाकलून दिलं जातं आणि तिथेच परत शिरावं लागतं.

तर बॅटरीकडे. तिच्या आयुष्याचा आकडा शोधताना एक गोष्ट ध्यानात आली की तो तिच्या पोटात कुठेही नाही. तो उन्हात आहे, जाळीतल्या भुशात आहे, घोंगडीत आहे, गाडी आठवड्याला किती वेळा निघते त्यात आहे, कारण निकेलची बॅटरी उभ्या गाडीतही आपोआप उतरत जाते. यातलं एक हललं की आयुष्य हललं. प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे सगळं कारणांवर अवलंबून उपजतं हे, शिकवताना आम्हाला बी, माती, पाऊस असले दाखले देत. हा दाखला मला जास्त पटला, कारण यात माझ्या भाच्याची घोंगडी आहे.

आणखी एक दाखला तोंडाशी येतो तो मी मुद्दाम गिळला होता, पण सांगून टाकतो. ही बॅटरी टिकते याचं मोठं कारण असं की गाडीचा कॉम्प्युटर तिला कधी काठोकाठ भरू देत नाही आणि तळ गाठू देत नाही. चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यानच तिला खेळवत ठेवतो. मोबाइल आपण रात्रभर शंभरला ठेवतो आणि दुपारी शून्याला आणतो, म्हणून त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. मध्यम मार्ग! धम्मपरिषदेत एखादा वक्ता यावर पाऊण तास बोलेल आणि टाळ्या घेईल. मला मात्र त्यात राम वाटत नाही. बॅटरीला दुसरा मार्ग घेताच येत नाही. तिचं मध्यात राहणं जपानी इंजिनिअरच्या प्रोग्रॅममुळे आहे. ज्याला टोकाला जाता येतं आणि तरी जात नाही त्याच्या मध्यम मार्गाला अर्थ. सिद्धार्थ आधी महालात राहिला होता, मग उपासाने हाडांचा सापळा झाला होता.

हे सगळं चालू असताना अक्काची तारीख आली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, भाच्याची आई. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. आमच्या पिढीच्या जन्मतारखा हेडमास्तरांच्या मनावर होत्या. तिला पेसमेकर आहे. तपासणीला नेलं तर डॉक्टरांनी तिच्या गळ्याखाली तपासायचं यंत्र धरलं, पडद्यावर पाहिलं आणि म्हणाले, बॅटरी संपत आली, काही महिन्यांत बदलून घ्या. त्यात नुसती बॅटरी बदलत नाहीत. ती डबी सीलबंद असते, आख्खी काढून नवी ठेवतात. हृदयापर्यंत गेलेल्या तारा चांगल्या असल्या तर त्याच पुन्हा जोडतात. साधारण आठ-बारा वर्षं चालते एक डबी. खर्च लाखाच्या वर.

घरी आल्यावर अक्का म्हणाली, “आधी गाडीची बदल रे. मला कुटं पळायचंय.”

सगळे हसले, आणि त्या हसण्यात मला दुसरंच काहीतरी दिसलं. गाडीच्या बॅटरीवर घरात आठवडाभर हिशेब चालला होता: गाडीची किंमत किती, बॅटरीची किती, अजून किती वर्षं चालेल, घातलेला पैसा निघेल का. अक्काच्या बाबतीत एकानेही हिशेब मांडला नाही. भाचा, जो कृषी केंद्रात दहा रुपयांसाठी कंपनीच्या माणसाशी अर्धा तास वाद घालतो, त्याने तिथेच तारीख घेतली. आईवर प्रेम आहे, म्हणाल. आहेच. पण नागसेन खरा असेल तर प्रश्न उरतोच. रथासारखाच माणूसही भागांची जुळणी असेल, आत मालक कुणी नसेल, तर एका जुळणीला हिशेब आणि दुसरीला नाही, हे कशाच्या आधारावर?

आत्मा मानणाऱ्यांना हे सोपं आहे. आत कुणीतरी आहे, म्हणून हिशेब नाही. गाडीत कुणी नाही, म्हणून आहे. बाबासाहेबांनी आत्मा नाकारला आणि आमची ती सोय गेली. ती परत नको आहे मला. पण मग उत्तर दुसरीकडून आणावं लागतं.

स्वीडनमध्ये ८ ऑक्टोबर १९५८ ला आर्ने लार्सन नावाच्या माणसाच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. रूने एल्मक्विस्टने बनवलेला, ओके सेनिंगने शस्त्रक्रिया करून ठेवलेला. तो काही तासच चालला. लार्सनला नंतर आयुष्यभरात सव्वीस पेसमेकर लागले. तो २००१ मध्ये वयाच्या श्याऐंशीव्या वर्षी गेला, तेही त्वचेच्या कॅन्सरने, आणि तोपर्यंत ते बनवणारा आणि बसवणारा दोघेही गेले होते. सव्वीस डब्या. त्यातला कितवा लार्सन खरा, असा प्रश्न स्वीडनमध्ये कुणाला पडला नसावा. नागसेनानेही मिलिंदाला रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचं उदाहरण दिलं होतं, पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत. तीही नव्हे आणि वेगळीही नव्हे. लार्सनचं सातत्य समजायला तेवढं पुरतं. त्याची काळजी का घ्यायची, ते मात्र त्यातून कळत नाही.

कळलं ते नागसेनाच्या मागच्या एका बाईकडून. रथाची उपमा नागसेनाची नाही. तो स्वतःच संवादात सांगतो की हे भिक्खुनी वजिराने भगवंतांसमोर म्हटलं आहे, आणि तिची गाथा म्हणून दाखवतो. संयुत्त निकायात तो प्रसंग आहे. सावत्थीजवळच्या अंधवनात वजिरा दुपारी झाडाखाली बसली आहे. साधकांना ढळवणारा मार येऊन तिला घाबरवायला विचारतो, हा प्राणी कुणी केला, त्याचा कर्ता कुठे आहे? ती म्हणते, हा संस्कारांचा पुंज आहे, भाग जुळले की रथ म्हणतात तसं याला प्राणी म्हणतात. नागसेन इथे थांबतो. वजिरा थांबत नाही. तिची पुढची गाथा अशी की उपजतं ते दुःखच, टिकतं ते दुःख आणि मावळतं तेही दुःख. दोन हजार वर्षं आपण रथाची गाथा घोकत आलो, तीही एका पुरुषाच्या नावावर, आणि पुढची, जिच्यावाचून रथाची अर्धवट आहे, ती पाठीमागे राहिली. (परीक्षेत रथाची उपमा कुणाची असं विचारलं तर नागसेनाची असंच लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. मार्कही पूर्ण मिळाले त्यांना.)

वजिराच्या या पुढच्या गाथेने गाडी आणि अक्का वेगळ्या होतात. दोन्ही जुळण्याच. दोन्हींत मालक नाही. पण एकीत दुखतं. माणूस ज्या पाच स्कंधांची जुळणी मानला जातो, त्यांपैकी गाडीकडे फक्त रूप आहे. वेदना नाही, संज्ञा नाही. लाल त्रिकोण पेटला तेव्हा गाडीला काही झालं नाही. झालं ते भाच्याला. अक्काच्या छातीतली डबी मंदावली की जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ती येते तिलाच. ‘तिला’ म्हणजे कुणाला, याचं उत्तर नसलं तरी अंधारी खरी आहे. दुःखाला मालक लागत नाही आणि ते दूर करायला मालकाचा दाखलाही लागत नाही. बुद्धाने सुरुवात दुःखापासून केली, ‘आत कोण आहे’ या प्रश्नापासून केली नाही, याचा अर्थ मला सत्तरीला टेकल्यावर एका दवाखान्यात कळला.

आणि मग ‘मिलिंदपञ्ह’ पुन्हा काढून वाचताना गंमत सापडली. रथाचा प्रश्न विचारण्याआधी नागसेन राजाला काय म्हणतो? म्हणतो, महाराज, आपण नाजूक क्षत्रिय. या भर दुपारी तापलेल्या जमिनीवर, खड्यांवरून आणि वाळूवरून पायी आला असाल तर पाय दुखले असतील, शरीर दमलं असेल, मन खिन्न झालं असेल. आपण पायी आलात की वाहनातून? म्हणजे भाजलेले पाय आधी आहेत, रथ नंतर. मला वर्गात हे वाक्य राजाची थट्टा म्हणून शिकवलं होतं. थट्टा असेलही. मेमध्ये किनवटच्या बसस्टँडवरून चप्पल न घालता कुणी गोकुंद्यापर्यंत गेलं तर थट्टेतलं खरं त्याला कळेल.

मग गाडीच्या बाबतीत हिशेबच करायचा का? करायचा. भाच्याला मी तसंच सांगितलं. दया दाखवायला तिथे कुणी नाही. जुन्या गाडीला ‘निरोप’ देणाऱ्यांच्या पोस्टी वाचून मला हसू येतं. चार लाखांच्या गाडीत अडीच लाखांची बॅटरी घालू नये. सेल बदलून घ्यावे, जाळी साफ करावी, घोंगडी काढावी आणि चालेल तेवढी चालवावी. त्याने तसंच केलं. पण हिशेब तिथे संपत नाही, आणि इथून पुढे भाच्याचं आणि माझं जुळेना.

पहिला वाद काढलेल्या सेलचा. मेकॅनिकने विचारलं, हे नेता का? भाचा म्हणाला, राहू द्या, भंगारात द्या. शिशाची बॅटरी असती तर भंगारवाला तराजू घेऊन धावत आला असता. निकेलच्या या पट्ट्यांचा भाव आमच्याकडच्या भंगारवाल्याला ठाऊक नाही. तो त्यातला तांब्याचा तुकडा काढतो आणि बाकी नाल्यात टाकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यातला माल परत मिळवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, गाडीच्या बॅटऱ्याही त्यात आल्या. नियम दिल्लीत झाला, नाला इथे आहे आणि तो पैनगंगेला मिळतो. मी पट्ट्या खोक्यात भरून परत आणायला लावल्या आणि नांदेडच्या वर्कशॉपमध्ये जमा करायला लावल्या. तिथल्या माणसाने आधी कुरकुर केली, मग ठेवून घेतल्या. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये पुनर्जन्म कशाचा याचं जे उत्तर दिलं आहे, आत्म्याचा नव्हे तर देहातल्या भौतिक घटकांचा, ते निकेलला तर शब्दशः लागू आहे. वितळवलं की ते पोलादात जातं किंवा पुन्हा बॅटरीत. नाल्यात टाकलं तरी त्याचा पुनर्जन्म होतोच, फक्त कुठे ते आपल्या हातात राहत नाही.

दुसरा वाद मोठा. दिवा पुन्हा पेटायच्या आत भाच्याला गाडी विकायची आहे. त्याने ऑनलाइन जाहिरात टाकली, त्यात लिहिलं: ‘बॅटरी नवीन’. मी म्हटलं, हे खोटं आहे. तो म्हणाला, “नवीनच टाकलेत की सेल.” सगळे नाहीत. “मामा, गिऱ्हाईक स्कॅनर लावून बघंल. त्याचं त्याला कळंल. आणि तुम्हीच म्हणता ना गाडी अशी काही नसतेच म्हणून? मग कोणत्या गाडीबद्दल खोटं बोललो मी?”

विद्यार्थी बेताचा असला तरी प्रश्न पहिल्या नंबरचा होता. याचंही उत्तर नागसेनाने देऊन ठेवलंय. एक माणूस दुसऱ्याचे आंबे चोरतो. पकडल्यावर म्हणतो, याने लावले ते आंबे वेगळे होते, मी तोडले ते वेगळे. त्याचे मी घेतलेच नाहीत. नागसेन विचारतो, याला शिक्षा होईल की नाही? मिलिंद म्हणतो, होईलच, कारण तोडलेले आंबे त्या लावलेल्यांपासूनच झाले. जी गोष्ट ‘तीच’ नाही, तिचंही देणं चुकत नाही. सहा महिन्यांनी नव्या मालकाच्या हातात दिवा पेटेल तेव्हा गाडी आजची नसेल, भाचाही आजचा नसेल, पण ज्याने ‘नवीन’ हा शब्द टाइप केला त्याच्यापासूनच तो दिवा पेटलेला असेल. खोटं न बोलण्याच्या मुसावादा शिक्षापदात भागांची जुळणी म्हणून सूट दिलेली मला माहीत नाही.

भाचा काही बोलला नाही. दोन दिवसांनी जाहिरातीत ‘बॅटरी नवीन’ जाऊन ‘हायब्रिड बॅटरीचे काही सेल बदललेले, बिल आहे’ असं आलं. आदिलाबादचा एक दलाल त्याला फोनवर म्हणाला की असं लिहिशील तर वर्षभर गाडी दारात राहील, हे काढ. त्याने काढलं नाही. किंमत मात्र तीस हजारांनी उतरवली आणि ते तीस हजार मामाच्या खात्यावर मांडलेत असं अक्काला सांगितलं.